तपासलेला काटा

आमच्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात फक्त एकदाच एका गोष्टीवर विश्वास ठेवला, आणि तोही नेमका चुकीच्या वेळी. एरवी सूर्य पूर्वेला उगवतो याबद्दलसुद्धा त्यांचं मत "आजवर तरी उगवलाय" एवढ्यावरच थांबतं. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. खुटबावला त्यांचं घर, थोडा ऊस आणि चुलतभावांबरोबर सामाईक गुऱ्हाळ. नोकरी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत, शिफ्टवर ऑपरेटर म्हणून झाली आणि आता ते निवृत्त आहेत. माझं शिरूरला औषधाचं दुकान आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा मामांनी मला ना शिक्षण विचारलं, ना घरदार. "दुकानातला फ्रिज किती डिग्रीला ठिवता?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, चारला. "चार हाय, हे कशावरून?" मी म्हटलं, फ्रिजवरच आकडा दिसतो. "फ्रिज आपल्या तोंडानं आपलं चांगलंच सांगणार की वो पावनं." पुढच्या आठवड्यात ते शिरूरला आले, माझ्या फ्रिजमध्ये पाण्याचा ग्लास आणि त्यात स्वतःचा थर्मामीटर ठेवून दुपारभर दुकानाच्या बाकड्यावर बसून राहिले. साडेचार डिग्री निघाले तेव्हा लग्नाला होकार दिला. नऊ-दहा निघाले असते तर मी आज कुणाचा जावई असतो कोण जाणे.

या स्वभावाला थोडं कारणही होतं. कंपनीत एकदा त्यांच्या ड्यूटीवर रिअॅक्टरचा तापमानाचा काटा तासभर एकाच आकड्यावर शांत उभा होता. सगळे खूष होते. मामांना मात्र त्या शांततेचाच संशय आला. त्यांनी पाइपापाशी हाताची मागची बाजू नेली, तसाच हात झटकला आणि पळत जाऊन वाफ बंद केली. काटा केव्हाच अडकला होता आणि आत सगळं तापत चाललं होतं. तेव्हापासून "हालत न्हाई तो काटा जित्ता न्हाई" हे त्यांचं तत्त्वज्ञान झालं. निवृत्तीच्या समारंभात कंपनीनं शाल द्यायचं ठरवलं, तर यांनी शालीऐवजी प्रयोगशाळेतला काचेचा लांब थर्मामीटर मागून घेतला. त्यालाही ते पूर्ण मानत नाहीत. दर दिवाळीला त्याला एकदा बर्फात आणि एकदा उकळत्या पाण्यात बुडवून त्याची साक्ष घेतली जाते. आमच्या पोराला ताप आला की मामा तीन थर्मामीटर काढतात आणि पोराला बाजूला बसवून आधी तिन्ही स्वतःच्या काखेत लावतात. "माझं बराबर दाखावलं तरच पोराचं मानायचं." तोवर पोराचा ताप कधीकधी उतरलेलाही असतो. पेट्रोल पंपावर माणूस झीरो बघा म्हणाला की मामा झीरो सोडून त्या माणसाकडे बघतात. लग्नघरी मुहूर्त जवळ आला की भटजींचं घड्याळ कुणाच्या घड्याळाशी लावलंय याची चौकशी होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, यावर एकदाच बोलल्या. "माझ्याशी लगीन झालं हे तरी ह्यांनी मानलंय का, मला अजून ठावं न्हाई."

अशा माणसाच्या पोटी माझ्या मेहुण्यानं जन्म घेतला. घरात त्याला पिंट्या म्हणतात, कंपनीत साहेब म्हणतात. तो रांजणगावला मेंटेनन्समध्ये आहे. बाकीची पोरं कर्ज काढून मोठी गाडी घेतात, यानं जुनी छोटी गाडी घेतली, तिच्यातल्या मागच्या सीटा काढून टाकल्या, आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याकडे एका रेसच्या ट्रॅकवर जाऊन ती पळवायला लागला. शर्यत नसते, नंबर नसतो. हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, आळीपाळीनं ट्रॅकवर सोडतात, जीव खाऊन गोल फिरतात आणि परत घरी जातात. मामांना हे समजावून सांगायला पिंट्यानं फार कष्ट घेतले. सगळं ऐकून मामा म्हणाले, "जायचं कुठंच न्हाई, मग घाई कशाची?" मामांच्या मते पोरगं दुसरीकडेच कुठंतरी जात असणार आणि ट्रॅक हे सांगायचं निमित्त. म्हणून ते एकदा स्वतः बघायला गेले, पोरगं खरोखरच गोल फिरताना पाहिलं, आणि जास्तच काळजीत पडून परत आले. शेवटी घरात तह झाला. गाडी ठेवायची, पण इंजिन गेलं की विषय संपला, गाडी विकायची, पुन्हा नाव काढायचं नाही. पिंट्यानं मान्य केलं. त्या गाडीत त्याचा जीव होता, त्यामुळे त्या दिवसापासून इंजिनाच्या तब्येतीला तो आईच्या तब्येतीइतका जपू लागला.

आता मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण या बापलेकांमध्ये बसून जे कानावर पडलं ते सांगतो. रस्त्यावर गाडी चालवताना इंजिनातलं ऑइल शंभर डिग्रीच्या आसपास असतं. ट्रॅकवर सतत पिळून काढलं की ते एकशे वीस, एकशे तीसच्या पुढे जातं, पाण्यासारखं पातळ होतं, आणि मग आतल्या बेअरिंगला धरून ठेवायला त्यात दम राहत नाही. गंमत अशी की गाडीच्या डॅशबोर्डवर जो काटा असतो तो पाण्याचा. पाणी मजेत असतं आणि ऑइल जळत असतं. शिवाय तो काटाही कंपनीनं मुद्दाम असा बसवलेला असतो, की तापमान थोडं वरखाली झालं तरी तो मध्येच उभा राहतो, मालकाला उगाच घोर नको म्हणून. हे पिंट्याच्या तोंडून ऐकल्यावर मामांचा चेहरा असा उजळला, की आत्यांनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन काय झालं विचारलं. "म्हंजी गाडी इकणाराच खोटा काटा बसवून देतो," मामा समाधानानं म्हणाले. आयुष्यभराच्या संशयाला असं दणदणीत प्रशस्तिपत्र कुणाला मिळतं?

त्या दिवसापासून बापलेक एक झाले. पिंट्यानं ऑइलसाठी वेगळा काटा आणला, त्याचा सेन्सर ऑइलमध्ये बसवला, पुढच्या जाळीमागे ऑइल गार करणारा कूलर लावला. मामा रोज कूलरच्या दोन्ही पाइपांना आळीपाळीनं हात लावून बघायचे. एक गरम, दुसरा जरा कमी गरम. "काम करतोय, पण मनापासनं न्हाई," असा त्यांचा शेरा असायचा. ऑइलचा डबा आला की सील, झाकण, छपाई, तळ असं सगळं बघून झाल्यावर ते बोटावर थेंब घेऊन अंगठ्यानं चोळत बसायचे. ऑइल ऐंशीला पोचेपर्यंत गाडी जोरात रेमटवायची नाही, थांबवण्याआधी एक फेरी हळू मारायची, हे नियम पिंट्याचेच होते, पण आता ते मामांच्या आवाजात ऐकू यायला लागले. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या घरात बापलेकांना एका गोष्टीवर एवढं बोलताना मी पहिल्यांदा बघत होतो. आत्या दोघांना चहा गाडी लावायच्या शेडमध्येच नेऊन द्यायच्या.

पण नवा काटा तरी खरा कशावरून? पिंट्यानं सेन्सर उकळत्या पाण्यात धरून दाखवला. काटा शंभरावर आला. मामा म्हणाले, "शंभरापातूर खरं बोलला. त्याच्या म्होरं काय? मानूस बी पहिलं शंभर खरं बोलतो आन् मग फसवतो." म्हणणं चुकीचं नव्हतं. धोका एकशे वीसच्या पुढे, आणि पाणी काही शंभराच्या वर जात नाही. मग एकशे वीसच्या आसपासचं खात्रीचं काय आहे? यावर दोन दिवस विचार झाला आणि उत्तर घराच्या मागेच सापडलं. गुऱ्हाळात काहिलीतला, म्हणजे चुलाणावरच्या मोठ्या कढईतला, उसाचा रस आटत आटत जातो, घट्ट होतो, आणि गूळ उतरवायच्या घटकेला तो बरोबर एकशे अठराच्या घरात असतो. मामांनी हे आपल्या काचेच्या थर्मामीटरवर किती हंगाम बघितलेलं होतं.

रविवारी सकाळी गाडी गुऱ्हाळाला लावली. बॅटरीपासून वायरी ओढल्या, काटा गुळाच्या ढेपांवर ठेवला, सेन्सर आणि काचेचा थर्मामीटर सुतळीनं एकत्र बांधून काठीला लटकवले. गुऱ्हाळावरचा कारागीर उत्तरेकडचा. "चाचा, गुड़ में तार डालोगे तो कौन खाएगा?" असं म्हणून तो बाजूला जाऊन बसला. पिंट्या सेन्सरचं नुसतं टोक बुडवत होता. मामांना ते पटेना. "अर्धा बुडावला तर अर्धंच खरं सांगंल. मानेपातूर बुडव." बुडवला. रस खदखदत होता, वरचा फेस पिवळ्याचा तांबूस होत होता, आणि आम्ही तिघं बारशाला जमल्यासारखे काहिलीभोवती उभे होतो. काच एकशे अठरा म्हणाली. काटा एकशे सतरा म्हणाला. मामांनी काट्याच्या काचेवर टिचकी मारली. तो हलला आणि परत तिथंच आला. मामा म्हणाले, "खरं बोलतोय." आत्यांना हे घरी जाऊन सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना, म्हणजे त्या घरातला संशय तेवढ्यापुरता त्यांच्याकडे गेला होता. सेन्सर मामांनी स्वतः गरम पाण्यानं धुतला, धोतराच्या टोकानं पुसला, आणि पिंट्यानं तो परत बसवला. पुढचा ट्रॅकचा दिवस येईपर्यंत गाडी तिथंच गुऱ्हाळाच्या शेडमध्ये उभी राहिली.

मार्चमध्ये तो दिवस आला आणि आम्ही तिघंही गेलो. ऊन असं होतं की बॉनेटवर पापड भाजला असता. पहिल्या खेपेला पिंट्याचं ऑइल पंच्याण्णवच्या वर गेलं नाही. आमच्या शेजारी अगदी तसल्याच गाडीचा एक पोरगा होता. त्याचं एकशे अठ्ठावीसला पोचलं म्हणून तो बॉनेट उघडून बसला होता. मला गाड्यांतलं कळत नाही, पण संशयाचं शिक्षण मी चांगल्या घराण्यात घेतलेलं आहे. एवढ्या सगळ्यांच्या गाड्या तापतात आणि आमचीच तेवढी गार कशी? मी मामांकडे बघितलं. एरवी एवढ्या मालावर त्यांनी संध्याकाळपर्यंत उलटतपासणी चालवली असती. ते म्हणाले, "आपला कूलर चांगला हाय." मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. दुसऱ्या खेपेला पिंट्या मध्येच बाहेर आला. लांबच्या डाव्या वळणावर ऑइलचा दाब उतरला की लागणारा लाल दिवा एकदा लुकलुकल्यासारखा वाटला म्हणाला.

"काटा किती व्हता?" मामांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

"मग झालं तर. दिव्याचं काय घिऊन बसलास? काटा मी तपासलाय."

पिंट्या बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा बाप त्याला 'जा, सगळं ठीक आहे' म्हणत होता. तो गेला. थोड्या वेळानं सगळ्या गाड्यांच्या आवाजात एक वेगळा आवाज यायला लागला, कुणी आतून हातोडीनं ठोकत असल्यासारखा, आणि मग आमची गाडी धूर सोडत कडेला उभी राहिलेली दिसली. बेअरिंग गेलं होतं. इंजिन संपलं होतं. काटा शंभराच्या जरा खाली, शांत उभा होता.

गाडी पिकअपवर चढवून पुढे पाठवली आणि आम्ही माझ्या गाडीतून मागून निघालो. सोलापूर रस्त्याला लागलो. कासुर्डीजवळ चहाला थांबलो. पिंट्या पेल्यात बघत होता. आणि त्यानं मान वर न करता विचारलं, "आप्पा, तुम्ही मुद्दाम केलं का?"

मामा म्हणाले, "काय?"

"गाडी विकायची तुमची पहिल्यापासून इच्छा होती. काटा तुम्ही तपासला. धुतला तुम्ही. मी बाहेर आलो तर परत तुम्हीच पाठवलं."

"म्या कायबी केलं न्हाई."

"कशावरून?"

हा शब्द त्या घरात आजवर एकाच माणसाच्या तोंडी होता. मामांनी तो दूधवाल्याला ऐकवला होता, भटजींना, मला, डॉक्टरांना. त्याचं उत्तर किती अवघड असतं हे त्यांना त्या चहाच्या टपरीवर पहिल्यांदा कळलं असावं. त्यांचा चहा तसाच राहिला. मला मध्ये काहीतरी बोलायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तीच शंका येऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंट्यानं शेडमध्ये सेन्सरची वायर काढली. मी कंदिलासारखा मोबाइल धरून उभा होतो. वायर जिथं जोडतात त्या खोबणीत तांबूस, चिकट थर होता आणि त्यात बारीक लाल मुंग्या, काही मेलेल्या, काही अजून कामात. मानेपर्यंत बुडवलेल्या सेन्सरच्या फटीत गुळाचा पाक शिरला होता, धुताना तो निघाला नाही, आणि गुऱ्हाळाच्या शेडमध्ये मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. वायरीचा जोड नीट टेकत नव्हता, म्हणून काटा दर वेळी कमी दाखवत होता. काहिलीत तो खराच बोलला होता. खरं बोलतो की नाही हे बघायला गेलो, त्यातच तो बिघडला.

पिंट्यानं हाक मारली. मामा आले, चष्मा कपाळावरून खाली घेऊन बघत राहिले. "मीच धुतला व्हता," ते म्हणाले. पिंट्याचा चेहरा पडला होता. "आप्पा, मी काल बोलायला नको होतं." मामांनी मान हलवली. "न्हाई. इचारलंस ते बराबर व्हतं. म्या बी हेच इचारलं असतं." आणि ते घरात गेले.

गाडी विकायचा विषय कुणी काढला नाही. उलट पंधरवड्यानं मामाच पुण्याहून जुन्या बाजारातलं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आले. ते कुठल्या गाडीचं, किती चाललेलं, आधी खोललेलं आहे का, यातलं काहीही त्यांनी विकणाऱ्याला विचारलं नव्हतं. "चांगलं हाय म्हनला," एवढंच. पिंट्यानं ते गुपचूप स्वतः तपासून घेतलं. आणि मग हळूहळू आमच्या लक्षात आलं, की मामांचा संशय गेला. दूधवाला माप टाकून निघून जातो, मामा बघत नाहीत. पंपावर खिशात हात घालून उभे राहतात. पोराला ताप आला तेव्हा मी सांगितलेला आकडा त्यांनी मुकाट मान्य केला. दुसऱ्या कुणाच्या घरात याचा आनंद झाला असता. आत्या मात्र शिरूरला आल्या तेव्हा मला दुकानात एका बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्यांना कायतरी झालंय. काल लाइटबिल बघून 'बरं' म्हनले. तुमच्याकडं एखादं टॉनिक असंल तर द्या." मी ताकदीचं औषध दिलं. त्याचा उपयोग होणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

मे महिन्यात नवं इंजिन घेऊन पिंट्या परत ट्रॅकवर गेला. या वेळी सेन्सर नवा, वायर नवी, आणि काटा वाचायला शेजारच्या सीटवर मी. हेल्मेट घालून, डोळे काट्यावर रोवून मी बसलो होतो, कारण बाहेर बघवत नव्हतं. एकशे बत्तीस झालं तसं मी ओरडलो, पिंट्यानं पाय काढला, एक फेरी हळू मारली आणि आम्ही बाहेर आलो. मामा झाडाच्या सावलीत पाण्याचा कॅन घेऊन बसले होते. ते उठून आले आणि बॉनेटला टेकून उभे राहिले. पिंट्यानं हेल्मेट काढलं, एकदा माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसावं, आणि म्हणाला, "आप्पा, आज ऐंशीच्या वर गेलंच नाही."

मे महिना, भर दुपार. शेंबड्या पोरालाही हे पटलं नसतं. पिंट्याला काय हवंय ते माझ्या ध्यानात आलं. बापाच्या 'कशावरून?'ची तो वाट बघत होता.

"बरं," मामा म्हणाले.

"कूलर नसता तरी चाललं असतं."

"असंल." मामांनी त्याला पाण्याचा पेला भरून दिला. पिंट्यानं तो घेतला आणि टायर बघायचं निमित्त करून गाडीच्या मागे गेला. बराच वेळ तो तिकडेच होता.

परत येताना पिंट्या त्याची गाडी घेऊन पुढे होता आणि मामा माझ्याशेजारी बसले होते. यवत मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग समोरच बघत म्हणाले, "पावनं, खरं किती व्हतं?"

"एकशे बत्तीस."

"तरीच. बॉनेटला टेकलो तवाच कळलं." त्यांनी पुढच्या गाडीकडे बोट केलं. "त्यानं ऐंशी सांगितलं, मग ऐंशी. म्या इचारलं हे त्याला बोलू नगा."

मी बरं म्हणालो, आणि शब्द पाळलाय. त्यानंतर आम्ही तिघं बऱ्याचदा गेलो. पिंट्या दर वेळी बापाला काहीतरी अशक्य आकडा सांगतो आणि तोंडाकडे बघत उभा राहतो. मामा दर वेळी बरं म्हणतात, आणि परतीच्या वाटेवर खरा आकडा माझ्याकडून घेतात. मला दोघांचीही माया दिसते आणि दोघांचाही राग येतो. मामांनी एकदा, एकदाच, त्याच्या तोंडावर म्हणावं, "खोटं बोलतुयास," आणि त्या पोराला घरी आल्यासारखं वाटावं, एवढीच माझी इच्छा आहे.